कुलाब्याच्या तोफा

अलिबागेस ओहोटी लागली कीं कुलाबा किल्ल्यांत पायींच जातां येतें. उत्तरेच्या तटावर दोन तोफा चाकांच्या गाड्यांवर दिमाखानें उभ्या आहेत. “बाबा, ह्या कान्होजींच्या का हो?” मुलानें विचारलें. मला ‘नाहीं’ म्हणावें लागलें. कान्होजी आंग्रे १७२९ सालीं निवर्तले. ह्या तोफांवर इंग्लंडांतील कारखान्याचें नांव आणि १८४९ हें साल आहे!

ह्यांचे गाडे लोखंडी, म्हणून टिकले. जुन्या तोफांचे लांकडी गाडे कुजून गेले आणि कित्येक किल्ल्यांवर त्या मातींत लोळत पडल्या. अलीकडे दुर्गप्रेमी मंडळी अशा तोफांसाठीं सागवानी गाडे करवितात. काम दिसतें तितकें सोपें नव्हे. तोफेच्या दोन्ही अंगांचे आडवे कान गाड्याच्या खांचांत बसवितात; बहुतेक सारा भार तेथेंच पेलला जातो. मागचें अंग किंचित् जड असतें, त्याखालीं पाचर हवी. खांचेंत पाणी सांचलें तर लोखंड गंजतें, लांकूडही कुजतें. बसविण्यासाठीं तोफेलाच भोंक पाडणें तर पापच!

हें लांकूडही एक दिवस कुजेल. पण गाडा पुन्हां करतां येतो; मुलाला हवी होती ती तोफ पुन्हां ओततां येणार नाहीं.