उताराचं गेट

१ जुलै २०२५, मंगळवार. लोणावळा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा मी दर वर्षी राखून ठेवतो. पावसाआधी मोटरवर चालणारी गेटं खोलायची, कार्डाच्या, म्हणजे मोटर चालवणाऱ्या सर्किटच्या, डब्यांना सिलिकॉन मारायचं, चाकांत ग्रीस भरायचं. यंदा मान्सून २६ मेलाच मुंबईत येऊन थडकला आणि माझा तो आठवडा धुऊन गेला. उन्हात अर्ध्या तासात होणारी कामं आता छत्रीखाली दीड तास चालतात. छत्री धरायला भाचा आहे. बारावी झाल्यापासून माझ्याकडेच असतो. काम शिकतोय असं तो म्हणतो, छत्री तिरकी धरतो असं मी म्हणतो.

आज तुंगार्लीला. तक्रार अशी: ‘गेट उघडतंय, मिटत नाही.’ हे ऐकलं की निम्मं काम फोनवरच होतं. दोन खांबांवर समोरासमोर दोन डोळे असतात. एकातून न दिसणारा किरण निघतो, दुसरा तो झेलतो. किरण तुटला की कार्डाला वाटतं मध्ये कुणीतरी आहे, मग ते गेट मिटूच देत नाही. गेलो तर डाव्या डोळ्यावर कोळ्यानं जाळं विणलेलं आणि जाळ्यात पावसाचे थेंब, अगदी मोत्यांच्या तन्मण्यासारखे. भाच्यानं रुमालानं पुसलं, गेट मिटलं.

“मामा, एवढ्यासाठी पेट्रोल जाळलं?”

राखणदार म्हणाला, मागचा माणूस तर दोन वायरी जोडून द्यायचा, कटकटच नको. ही ‘कटकट नको’वाली तार मी आजवर कितीतरी बंगल्यांतून उपटून काढली आहे. तार टाकली की डोळे आंधळे होतात. मग मध्ये गाडीचं बोनेट असो नाहीतर पोर, गेट आपलं येतच राहतं.

३ जुलै, गुरुवार

खंडाळ्यात, दरीच्या अंगाचा बंगला. मालक मुंबईत. काका-मावशी दोघं राखण करतात, मूळचे उस्मानाबादकडचे. (धाराशिव म्हणायला हवं, पण मावशी स्वतः उस्मानाबादच म्हणतात.) गेट सरकतं, ५.५ मीटर लांब, लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या. फळ्या मागाहून बसवल्या, फोटोत छान दिसतात म्हणून. आठ महिन्यांत दुसऱ्यांदा मोटर ओरडायला लागलीय.

साहेबांचा फोन: “असं करा, डबल पॉवरची टाका. पैशांचं बघू नका.”

पैशांचं नंतर, आधी मोटर खोलून बघू म्हटलं. गिअरच्या डब्यातलं तेल काढलं तर सोन्याचा मुलामा पातळ केल्यासारखं चमकत होतं. तो पितळेचा कीस. आत लोखंडी वर्म, म्हणजे पेचाचा दांडा, फिरतो आणि पितळी चाकाला रेटतो. चाक बाहेर काढून भाच्याच्या तळहातावर ठेवलं आणि विचारलं, काय दिसतंय?

“झिजलंय.”

“कुठून?”

त्यानं उलटसुलट करून बघितलं. मग त्याच्याच लक्षात आलं. प्रत्येक दाताची एकच बाजू खाल्लेली, करवतीच्या दातासारखी तिरकी. दुसरी बाजू कारखान्यातून आल्यासारखी कोरी.

गेट जातं आणि येतं. म्हणजे जाताना एका बाजूवर ताण, येताना दुसऱ्या. दोन्ही सारख्याच झिजायला हव्यात. एकच झिजली याचा अर्थ जातानाही आणि येतानाही भार एकाच दिशेनं येतोय. मोटर गेट ओढत नाहीये, गेटच मोटरला ओढतंय. वर नेताना मोटर डोंगराशी भांडते, खाली सोडताना पाय रोवून ब्रेक लावते.

गवंड्याची लेव्हलची नळी गाडीत असतेच. पाणी भरून ट्रॅकच्या दोन टोकांना धरली. ५.५ मीटरला २२ सेंटिमीटर उतार. डोळ्यांना कळतही नाही, कारण खंडाळ्यात सपाट असं काही नसतंच, नजरच तिरकी होऊन बसलेली. गेट उघडतं तेही उताराच्याच बाजूला. मग दोर बांधून, काकांना दोराला धरायला लावून, चावीनं मोटर मोकळी केली आणि ताणकाटा लावला. नुसतं धरून ठेवायला १३ किलो. वर ओढायला २७. मधला आकडा २०. गेट अंदाजे ५०० किलोचं, उतार शंभराला चार. हिशेबही २०च सांगतो. उरलेले सात चाकांच्या घासण्याचे. म्हणजे चोवीस तास, गेट मिटलेलं असतानासुद्धा, डोंगर गेटला २० किलोनं खाली ओढत असतो आणि तो भार त्या पितळी दातांवर येतो. मालक रविवारी येतो, डोंगर रोज असतो.

दात झिजले तरी गेट जागेवर राहतं, कारण वर्म उलटा फिरत नाही. चाक वर्मला फिरवू शकत नाही, ही त्याची जातच आहे. पण चावी लावून मोटर मोकळी केली की तो वर्म बाजूलाच पडतो, आणि मग गेट आणि दरी यांच्यामध्ये कुणीच नसतं.

आणि खालच्या टोकाला स्टॉपर नाही. कधी काळी होता, वेल्डिंगची खूण आहे.

साहेबांना सगळं सांगितलं. मोठी मोटर लावली तर ती दुखणं दाबेल, गेट तेच राहील. ते म्हणाले, “बरोबर आहे, पुढच्या आठवड्यात येतो तेव्हा सगळं एकदमच करू.” नवं पितळी चाक, नवं तेल भरून मी आलो. स्टॉपरला अर्धा तास लागला असता. पाऊस होता आणि वेल्डिंग मशीन घरी होतं, एवढंच कारण.

५ जुलै, शनिवार

वळवणला झुलतं गेट, दोन पाखी, दोन्हींना लांब हात असलेल्या मोटरी. आत उघडताना पाखी मधेच अडून परत फिरतात. आर्किटेक्टच्या नकाशात रस्ता सपाट, जागेवर गेटपासूनच चढ सुरू. त्यात मालकांनी पेव्हर ब्लॉक नवे बसवले, ते चार सेंटिमीटर उंच. पाख तिथं टेकते, मोटरला अडथळा वाटतो, ती शहाणी म्हणून मागे येते. मला म्हणतात जोर वाढवा. जोर वाढवायचा स्क्रू कार्डावर असतो, तो कुणालाही फिरवता येतो, दुःख तेच आहे. खालची पट्टी तिरकी कापली, झालं.

६ जुलै, रविवार. आषाढी

उपास. साबुदाण्याची खिचडी ताटात आणि फोन कानाला. पहिला: रिमोट चालत नाही. सेल संपलेला. दुसरा: रिमोट चालत नाही. सेल संपलेला. तिसरा: मागच्या आठवड्यात भाड्यानं राहून गेलेले पाहुणे रिमोट घरी घेऊन गेले, आता ते येऊन गेट उघडतील का? कार्डाच्या मेमरीतून सगळे रिमोट पुसायचे आणि हातातले परत शिकवायचे, दहा मिनिटं. बाकी दिवस निवांत.

९ जुलै, बुधवार

परत वळवण. झाडाची फांदी तारांवर पडली, न्यूट्रल तुटला, आणि २३० व्होल्टच्या जागी गल्लीत कुणाला १५०, कुणाला चारशेच्या जवळ. ज्यांना कमी मिळाले त्यांचे दिवे पिवळे पडले, ज्यांना जास्त मिळाले त्यांनी मला फोन केला. तीन कार्डं. प्रत्येकात तो निळा गोल व्हॅरिस्टर फुटून काळा पडलेला. जास्त व्होल्टेज आलं की स्वतः मरायचं आणि बाकीच्यांना वाचवायचं हेच त्याचं काम. दोन कार्डं वाचली. तिसऱ्याचा ट्रान्सफॉर्मरही गेला. त्या डब्यात पालीचा सांगाडाही होता, रिलेच्या दोन टोकांवर पाय देऊन, जुना, याच्याशी संबंध नसलेला. मुंग्यांचं वारूळ, पालीची अंडी, एकदा तर गोम: कार्डाच्या डब्यात ऊब असते आणि पावसात सगळ्यांनाच ऊब हवी असते. वायरी आत जातात ती भोकं बुजवा म्हणून दर वर्षी सांगतो.

धरणाच्या भिंतीवरून येताना भाच्याला सांगितलं, हे पाणी घाटाखाली खोपोलीला जातं आणि वीज होते, १९१५पासून. मुंबईच्या गिरण्या त्यावर चालल्या. तो म्हणाला, “आणि आपण उशाला धरण घेऊन मेणबत्ती लावायची.”

१३ जुलै, रविवार

काल रात्री खंडाळ्याचं गेट पडलं.

लाइट गेलेली. पाहुण्यांची गाडी बाहेर, वर हॉर्न. काकांनी चावी लावली, लिव्हर ओढला. गेट हातातून सुटलं, खाली पळालं, शेवटाला अडवणारं काही नव्हतं म्हणून वरच्या गाइड रोलरमधून निघालं आणि आडवं झालं. सुदैव एवढंच की बाजूला सिल्व्हर ओक आहे, त्याच्यावर रेललं. झाडाशी मावशींचं पाण्याचं निळं पिंप होतं. ते भाकरीसारखं चपटं झालंय.

काकांना काही झालेलं नाही. तळहात सोलपटलाय, ओढून धरायला गेले होते. ५०० किलो!

चावी कशी लावायची हे त्यांना दाखवणारा मीच. ३ तारखेला दोर धरायला लावून सगळं केलं, पण एकट्यानं करू नका हे शब्द तोंडातून आले नाहीत. मला वाटलं दोर बघून कळलंच असेल. काका म्हणाले, “मला वाटलं तुमचा तो वजनाचा काटा लावायचा म्हणून दोर बांधलाय.” त्यांचं बरोबर आहे. दोर का, हे कुणी सांगितलं?

साहेब फोनवर आधी तापले, मग गप्प झाले. उद्या सगळं करा म्हणाले.

१५ जुलै, मंगळवार

चार माणसं, चेन पुली, दोन पहारी. सकाळी आठला गेट उचलायला घेतलं ते ट्रॅकवर यायला एक वाजला. फळ्या काढल्या तेव्हा प्रत्येकीतून पाणी गळत होतं. भिजलेलं लाकूड किती वजन पितं ते आज हातांना कळलं. आठ फळ्या परत लावल्याच नाहीत. साहेबांना फोटो पाठवला, म्हटलं, आता असंच छान दिसतंय म्हणा.

ताडपत्रीखाली वेल्डिंग. दोन्ही टोकांना जाड अँगलचे स्टॉपर, चाकं नवी. रॅक, म्हणजे गेटची दातेरी पट्टी, आणि मोटरचं दातेरी चाक यांच्यात दीड मिलिमीटर फट ठेवली, म्हणजे गेटचं वजन मोटरच्या दांड्यावर बसणार नाही. वरच्या खांबाला हूक आणि साखळी. काकांकडून आणि मावशींकडून वेगवेगळं म्हणवून घेतलं: आधी साखळी, मग चावी.

खरं दुरुस्त करायचं तर ट्रॅकच काढून टाकायला हवा. गेट आतल्या बाजूच्या रोलरवर तोलून धरायचं, म्हणजे खालचा रस्ता कितीही तिरका असो, गेट समपातळीत पळतं. त्याला गेटच्या साधारण दीडपट लांबीचा सांगाडा लागतो आणि खाली चांगला काँक्रीटचा पाया. आत्ता खड्डा खणला तर विहीर होईल. दिवाळीनंतर.

मावशींसाठी नवं पिंप गाडीतून नेलं होतं. त्या म्हणाल्या, हे हिरवं का आणलं, निळंच आणायचं.

१९ जुलै, शनिवार

रात्री पावणेदहाला मावशींचा फोन.

“लाइट गेलीय. साखळी लावलीय. चावी फिरवू का?”

फिरवा म्हटलं. फोनमधून लिव्हरचा खट् आवाज आला, साखळी ताणल्याचा आला, आणि मग फक्त पाऊस.

“हललं नाही,” मावशी म्हणाल्या.

“मग बरोबर.”

“अहो दादा, पण आता उघडायचं कसं? साखळी काढली की पळणार, न काढली की उघडणार नाही.”

मी अंथरुणात उठून बसलो. चार दिवसांपूर्वी हेच गेट मोजून, तोलून, वेल्ड करून आलो आणि हा प्रश्न मला पडलाच नव्हता. साखळी धरून ठेवते, पण सोडत नाही. काका एकटे सोडणार तर परत तोच तळहात. सकाळपर्यंत थांबायला सांगावं तर बाहेर गाडी उभी.

“थांबा, मी येतो,” म्हटलं.

“नका येऊ एवढ्या पावसात. दोर आहे की हितं. आमच्याकडं आडात मोठा हंडा सोडताना रहाटाच्या खांबाला दोन वेढे द्यायचो, मग पोरीसुद्धा सोडायच्या. तसं करू का?”

कोणता खांब, मी विचारलं. साखळीचाच, लोखंडी. दोर कसला? नायलॉनचा, नवा, जाड. वेढे दोन नको, तीन द्या म्हटलं. ओला नायलॉन घसरतो. दोराचं टोक काकांच्या हातात, मनगटाला गुंडाळू नका, पाहुण्यांना गेटच्या खालच्या अंगाला उभं राहू देऊ नका, आधी दोर ताणा, मगच साखळी काढा. मावशींनी फोन बहुतेक कठड्यावर ठेवला. त्यांचा आवाज लांबून येत होता, “हं, सोडा... सोडा... हळू की हो... सोडा...” मध्ये एकदा दोर करकरला. मग स्टॉपरवर गेट टेकल्याचा आवाज, दार लोटल्याएवढा.

गाडी आत गेली. मिटवताना वर ढकलायला पाहुण्यांतले दोघं उतरले म्हणे, कपडे भिजले म्हणून कुरकुरले.

उद्या जाताना: नायलॉनऐवजी सुती दोर, वीस फूट. खांबाला वर-खाली दोन कडी, वेढे घसरू नयेत म्हणून. आणि निळं पिंप.