भाग्याचा डोळा

"पोरीचा डोळा भाग्याचा आहे," आजी म्हणायची. माझा उजवा डोळा नाकाकडे वळायचा; लहानपणी जरासा, मग वर्षागणिक जास्त. शिरूरच्या आमच्या आळीत सगळ्यांना तो शुभच वाटे, म्हणून डॉक्टरकडे कुणी नेलं नाही. पाचवीत फळा दिसेना तेव्हा चष्मा लागला. चोविसाव्या वर्षी डाव्याचा नंबर मायनस १४ होता, उजव्याचा १८. स्टँडवर एसटीची पाटी वाचायला गाडी पुढ्यात येऊन थांबावी लागे.

मामा दौंडला रेल्वेत. पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायचंच, असा त्यानं हट्ट धरला. शिरूरहून पुण्याला सरळ एसटी आहे, पण मामाशिवाय जायची माझी हिंमत नव्हती. मग न्हावरे, चौफुला करत दौंडला मुक्काम आणि सकाळच्या गाडीनं पुणं. अशा किती खेपा झाल्या!

पुण्याच्या डॉक्टरांनी एमआरआयचं चित्र समोर धरलं. डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर असतो. माझा उजवा ३१ भरला. एवढा लांबलेला गोळा स्नायूंच्या वेढ्यात मावत नाही. वरचा आणि बाहेरचा स्नायू एकमेकांपासून सरकतात, गोळ्याचा मागचा भाग त्या फटीतून निसटतो आणि बुबुळ आत, खाली वळतं. नंबर आणि तिरळेपणा, दोन्हींचं मूळ एकच होतं. इतकी वर्षं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आधी तिरळेपणाची शस्त्रक्रिया झाली, पूर्ण भूल देऊन. योकोयामा या जपानी डॉक्टरांची ही पद्धत: सरकलेले दोन स्नायू न विरघळणाऱ्या टाक्यानं एकत्र बांधायचे, म्हणजे गोळा जागेवर येतो. माझा आतला ताठरलेला स्नायूही मागे घेतला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डोळा लालभडक, सगळं दोन-दोन दिसत होतं. आई समोर बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. माझे दोन्ही डोळे एकाच वेळी तिच्याकडे बघत होते, हे तिनंच मला सांगितलं.

मग नंबर घालवायचा होता, पण लेसिक होणार नव्हतं. एवढ्या नंबरासाठी पारपटल फार तासावं लागतं. पडद्याच्या विरळ जागांना लेझर करून, चार महिन्यांनी बुबुळामागे लेन्स बसवल्या. डाव्या डोळ्यानं आता पाटी लांबून वाचते.

उजव्यानं नाही वाचता येत. डोळा सरळ झाला, नंबर गेला, पण मेंदूनं लहानपणीच त्या डोळ्याचं बघणं सोडून दिलं होतं. वेळेवर चष्मा मिळाला असता, चांगला डोळा रोज काही तास झाकला असता, तर बरीच नजर वाचली असती. आजीवर माझा राग नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

डोळ्याची लांबी तशीच आहे, म्हणून पडदा दर वर्षी तपासून घेते.

तुमच्या घरात लेकराचा डोळा जरासाही वळत असेल, तर शाळेत जायची वाट पाहू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं. त्यांना दाखवा आणि पुढं नेत्रतज्ज्ञाकडे न्या.