फाल्गुनातील बर्फ : गुलमर्ग, औली की सोलंग?

फाल्गुन सरू लागला की हिमालयातील बर्फाचा स्वभाव पालटतो. जानेवारीतील कोरडा, भुसभुशीत बर्फ मागे पडतो. उरतो तो रात्री दगडासारखा गोठणारा, सकाळच्या उन्हाने साखरेसारखा रवाळ होणारा आणि दुपारनंतर चिखलासारखा जड होणारा बर्फ. परीक्षा आटोपल्यावर किंवा ३१ मार्चचे हिशेब मिटवून स्कीइंगसाठी निघणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच प्रथम उंचीचा विचार करावा.

दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. औलीचे उतार सुमारे २५०० ते ३०५० मीटरच्या दरम्यान आहेत. मनालीजवळचे सोलंगही सुमारे २५०० मीटरवर आहे. मार्च निम्मा झाला की तेथील बर्फ झपाट्याने विरू लागतो. गुलमर्गचे मैदान सुमारे २६५० मीटरवरच आहे. परंतु तेथील गंडोला पहिल्या टप्प्यात कोंगदोरीपर्यंत आणि दुसऱ्या टप्प्यात अफरवट पर्वतावर ३९०० मीटरच्या वर नेते. खाली गवत डोकावू लागले तरी वर बर्फ टिकून असतो, तो यामुळेच.

उंचीनंतर दिशा. पूर्वेकडील उतार सकाळी लवकर मऊ होतात, त्यानंतर दक्षिणेकडील आणि शेवटी पश्चिमेकडील. उत्तरेकडील उतारांवर हिवाळी बर्फ अधिक काळ राहतो. जाणते स्कीपटू उन्हामागोमाग उतार बदलतात आणि बर्फ जड होण्यापूर्वी परततात. रात्र ढगाळ गेली असेल तर बर्फ नीट गोठत नाही. अशा दिवशी खडे उतार टाळलेलेच बरे.

खरा पेच येथेच आहे. नवशिक्यांना सौम्य उतार हवेत आणि ते बहुधा खालीच असतात. बर्फही तेथूनच आधी जातो. वर बर्फ विपुल, पण उतार खडे. अफरवट परिसरात फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये हिमस्खलनांत परदेशी स्कीपटूंचे प्राण गेले. तेव्हा मुलांना शिकवायचे असेल तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हाच काळ साधावा. मार्चअखेरचा बर्फ अनुभवी मंडळींनी, स्थानिक प्रशिक्षकाच्या सल्ल्याने अनुभवावा.

बर्फाअभावी २०२५ मध्ये गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाही फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या होत्या. आरक्षण करताना तारीख बदलण्याची सवलत मागून घ्यावी. पैसे भरले आहेत, एवढ्याच कारणासाठी कोणीही धोक्याच्या उतारावर जाऊ नये.