हवेची शिवण

शिवण म्हटली की सुई आणि दोरा आठवतो. परंतु सुईदोऱ्याशिवाय घातलेली एक शिवण रोज सकाळी आपल्या दारात येते आणि तिच्याकडे आपले लक्षही जात नाही. दुधाच्या पिशवीचे टोक बोटांनी चाचपून पाहा. तेथे एक आडवी, चपटी रेघ हाताला लागेल. अर्धा लिटर दूध त्या रेघेच्या भरवशावर आपल्या पातेल्यापर्यंत पोहोचते. ही उष्णतेची शिवण होय. गेले वर्षभर मी ती घालतो आहे. माझ्या पिशव्यांत मात्र दूध नसते, हवा असते.

या शिवणीचे साहित्य घरातच सापडते : कपड्यांची इस्त्री, जाडसर पॉलिथिनचा कागद आणि दोहोंमध्ये ठेवायला केक भाजताना वापरतात तो न चिकटणारा कागद. पॉलिथिन म्हणजे अतिशय लांब रेणूंची गुंतवळ. साध्या, पातळ पॉलिथिनला सुमारे ११० अंश सेल्सिअसची ऊब मिळाली की हे रेणू सैल होतात, एका थरातून दुसऱ्या थरात शिरतात, आणि निवताना तेथेच अडकून बसतात. दोन थर चिकटले, असे म्हणणे अपुरे आहे. त्या रेघेपुरते ते एकच झालेले असतात. ऊब कमी पडली तर शिवण नखाने उकलते. अधिक झाली तर कड विरघळून भोके पडतात. म्हणून आधी चार बोटे रुंदीच्या चिंध्या घ्याव्यात, इस्त्री किती वेळ टेकवायची ते मनात आकडे मोजून ठरवावे आणि चिंधी ओढून पाहावी. शिवणीच्या शेजारचे प्लास्टिक ताणले गेले आणि शिवण टिकली, तर ती साधली असे समजावे. खिडकी उघडी असावी, हे सांगायला नकोच.

आता या साहित्यातून दोन सारख्या वर्तुळांच्या चकत्या कापा, कडेने सांधा आणि एका नळीने त्यांत हवा भरा. आपल्याला चेंडू मिळेल, असे तुम्हाला वाटेल. प्रत्यक्षात मिळते ती कडेला असंख्य चुण्या पडलेली गुबगुबीत उशी. रबराचा फुगा ताणला जातो, म्हणून तो गोल होऊ शकतो. हा कागद जवळजवळ ताणला जात नाही. पोट वर यायचे, तर कडेला आत सरकावे लागते. कडेची लांबी मात्र तेवढीच राहते. उरलेली लांबी चुण्यांत साठते. या आकाराचे गणितही झालेले आहे. २० सेंटिमीटर व्यासाची चकती फुगल्यावर तिचा व्यास जेमतेम सव्वापंधरा सेंटिमीटर उरतो आणि मधली जाडी नऊ सेंटिमीटरच्या किंचित वर जाते. वाढदिवसाच्या चंदेरी फुग्यांच्या कडेला ज्या सुरकुत्या दिसतात, त्या कारागिराच्या हयगयीमुळे पडत नाहीत. सपाट वस्तूने फुगीर होण्यासाठी मोजलेली ती किंमत असते.

खरा गोल हवा असेल, तर संत्र्याच्या फोडींसारख्या लांब पाकळ्या कापून त्या एकमेकींना जोडाव्या लागतात. अमेरिकेने १९६० साली अवकाशात पाठवलेला ‘एको-१’ हा सुमारे ३० मीटर व्यासाचा फुगा असाच होता. त्याचे चकचकीत आवरण माणसाच्या केसापेक्षाही पातळ होते. घडी घालून तो वर नेला गेला, तेथे फुगला, आणि पृथ्वीवरून पाठवलेले रेडिओ संदेश त्याच्यावर आपटून परत येऊ लागले. आपल्याकडेही टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रात पॉलिथिनच्या पाकळ्या उष्णतेने सांधून प्रचंड फुगे तयार करतात. ते उपकरणे घेऊन तीस किलोमीटरच्याही वर जातात. त्यांची शिवण आणि दुधाच्या पिशवीची शिवण या एकाच कुळातल्या होत.

माझे काम मात्र तळहाताएवढेच होते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आईच्या उजव्या हाताची मूठ मिटली होती. बोटे आखडू नयेत म्हणून व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी मुठीत कापडाची गुंडाळी ठेवायला सांगितले होते. गुंडाळी आत सरकवताना मात्र आईचा चेहरा आक्रसायचा. घट्ट मुठीत जाडी शिरवायची, तर आधी मूठ उघडावी लागते. आणि मूठ उघडत नाही म्हणून तर गुंडाळी हवी असते. हा पेच सपाट वस्तूच सोडवू शकेल, असे मला वाटले. रिकामी पिशवी कागदासारखी सरकते; जाडी नंतर, आतून येते.

अशा पिशवीचा आणखी एक गुण आहे. ती दुमडून फुगवली, तर दुमडीपाशी सरळ होऊ पाहते. सपाट असताना साडेसहा सेंटिमीटर रुंद असलेली नळी फुगल्यावर सुमारे चार सेंटिमीटर व्यासाची होते, एवढा हिशेब कागदावर मांडून मी तिची रुंदी ठरवली. रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा तिला जोडला. त्याची चकती फिरवली की हवा हळूहळू सोडता येते. कठीण वस्तू एखाद्या ठिकाणी टोचते. कोंडलेली हवा मात्र सर्व बाजूंना सारखाच दाब देते. व्यायामाच्या बाईंनी ती पिशवी आधी स्वतःच्या मुठीत धरून पाहिली, मग होकार दिला. आईची बोटे अगदी थोडी उघडली. ती म्हणाली, “कुणी आतून हात धरल्यासारखं वाटतंय रे.”

जोसेफ मॅककिबेन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाच्या मुलीचे हात पोलिओने दुबळे झाले होते. १९५०च्या दशकात त्यांनी तिच्यासाठी हवेवर चालणारा कृत्रिम स्नायू तयार केला : आत रबरी नळी, बाहेर विणलेली जाळी. हवा भरली की तो जाड होई आणि आखूड होई. आज मऊ यंत्रमानवांच्या अभ्यासात त्या स्नायूचे नाव आदराने घेतले जाते; त्याच्या मुळाशी मात्र एका मुलीचे दोन हात होते.

आईची मूठ पूर्वीसारखी झालेली नाही. परंतु सकाळचा अर्धा तास आता तिच्या चेहऱ्यावर वेदना उमटवत नाही. पिशवी दोन-तीन आठवड्यांत दुमडीपाशी झिजते, बारीक फुसफुस ऐकू येते, आणि मी नवी सांधायला बसतो. जुनी पिशवी भंगारवाल्याकडे जाते. पुठ्ठ्यावर कापलेला नमुना भिंतीवर तसाच टांगलेला असतो. हवा सर्वत्र सारखीच असते. तिची उशी व्हावी, गोल व्हावा की हातात हात व्हावा, हे आपण तिला कोठे अडवतो यावर ठरते. म्हणून वाचकहो, असे काही करून पाहावेसे वाटले, तर कात्री उचलण्यापूर्वी ते कोणासाठी आहे, हे ठरवून घ्या. मापे त्यानंतर आपोआप सुचतात.