रांजण

आजीच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यातला रांजण बुडाकडून वीतभर जमिनीत पुरलेला होता. चैत्र-वैशाखात त्याला गाल टेकवला की अंगभर गारवा पसरे. आत तोंड घालून हाक मारली की तीच हाक जाड होऊन माघारी येई. "रिकाम्या रांजणात बोलू नये रे बाळा," आजी म्हणायची. का, ते तिने कधी सांगितले नाही.

गाव मंचरच्या पलीकडे, घोड नदीच्या काठी. नदीच्या अंगाला पांढरीचे टेकाड होते. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढर म्हणजे वस्तीची, हे तिकडे पोरासोरांनाही कळते. चुलीची राख, गोठ्याचे शेण, पडलेल्या भिंतींची माती असे पिढ्यान्‌पिढ्या साचत गेले की जमीन पांढुरकी होते. धाब्याच्या घरांवर टाकायला ती माती बैलगाडीने यायची आणि तिच्यातून खापऱ्या निघायच्या. लंगडीसाठी ठिकरी हवी म्हणून पोरे त्यावर तुटून पडत. रांजणात हाका मारणाऱ्या त्या पोराच्या वाट्याला एकदा लाल खापरी आली. वर काळ्या तिरक्या रेघा होत्या, आणि टिचकी मारली की ती काशाच्या भांड्यासारखी खणकन वाजायची. दोन उन्हाळे तो तिच्यावर खेळला, मग ती आईच्या शिवणाच्या डब्यात जाऊन पडली.

सातवीत शाळेची सहल नाणेघाटाला गेली. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण पाहून त्याला आधी घरचाच रांजण आठवला. कोकणातून वर येणाऱ्या तांड्यांची जकात यात टाकत, असे गुरुजींनी सांगितले. जुन्नरकडे चढणारी ती वाट सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांना देशाशी जोडत होती. रांजणात पैसेही साठवतात, ही गोष्ट त्या दिवशी त्याच्या डोक्यात घट्ट बसली.

पण त्याला खरे धरून ठेवले ते घाटातल्या लेण्याने. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण दिले, याची त्यात मोजदाद आहे. भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांत त्या आकड्यांची गणना होते. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रनकयिर अशी नावे वर कोरलेली, आणि खाली मोकळा खडक. काहींच्या पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या होत्या. माणूस निघून गेला आणि पाय मागे राहिले, असे त्या पोराला वाटले.

पहिल्या कमाईतून त्याने जुना आग्फा क्लिक थ्री घेतला. एका रोलमध्ये बारा फोटो. पहिला अख्खा रोल नाणेघाटाच्या भिंतीवर घातला आणि बाराही फोटोंत नुसता करडा दगड आला, एक अक्षर उठले नाही. लग्ने-बारशी काढत पोट भरता भरता मग तो हळूहळू शिकला. समोरून उजेड मारला की कोरीव अक्षर मरते. बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवी धरायची, म्हणजे प्रत्येक खाचेत सावली भरते आणि ओळ वर येते. हौशी लोक अक्षरांत खडू भरतात, त्याने दगड तर बिघडतोच, वाचणाऱ्याचीही दिशाभूल होते. कारण खडू भरणारा स्वतःला दिसले ते भरतो, कोरणाऱ्याने कोरलेले नव्हे. या गोष्टीवरून तो आजही लोकांशी भांडतो.

त्या तिरक्या उजेडाने त्याला सारा जुन्नर तालुका दाखवला. तुळजालेण्यातले बारा खांबांचे गोल चैत्यगृह त्याने पाहिले, आणि लेण्याद्रीवर गिरिजात्मजाच्या दर्शनाला निघालेली रांग ज्या विहारात शिरते तो विहारही. मानमोडीच्या डोंगरावर क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये दिलेल्या मंडपाचा आणि पाण्याच्या टाक्याचा लेख आहे. टाक्याला तिथे 'पोढी' म्हटले आहे. दान देणाऱ्यांत यवनही होते. चंद आणि इरिल ही त्यांची नावे वाचताना त्याला मोठी गंमत वाटे. कुकडीकाठी बोरीला सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख आणि अश्मयुगीन हत्यारे सापडली, म्हणून तिथेही जाऊन आला. त्याच कुकडीने पुढे निघोजजवळ खडकात कोरलेल्या खळग्यांना लोक रांजणखळगेच म्हणतात.

चाळिशीच्या सुमारास पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात तो काचेपुढे उभा राहिला. आत त्याची ठिकरी होती. तोच लाल रंग, त्याच काळ्या तिरक्या रेघा. जोर्वे संस्कृती, म्हणजे तीन हजार वर्षांहून जुनी.

शां. भा. देव आणि झेड. डी. अन्सारी यांनी त्याच्या गावापासून चालत जाण्याजोग्या चांडोलीला उत्खनन केले होते. त्यांचा अहवाल १९६५ साली निघाला. तांब्याचा खंजीर, तांब्याच्या मण्यांत टिकून राहिलेले अळशीच्या धाग्याचे अवशेष, आणि घरांच्या जमिनीखाली पुरलेली लेकरे. तीही रांजणांत. पुढे याच घोड नदीवर, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला १९६८ पासून १९८३ पर्यंत सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी खोदले, तेव्हा अशी दफने दोनशेहून अधिक मिळाली. दोन करडे रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवलेले. आत बाळ, शेजारी तोटीचे भांडे आणि वाडगा. मोठ्या माणसांना आडवे निजवून पुरत, आणि घोट्याच्या वर पाय तोडत. मेलेला उठून निघून जाऊ नये म्हणून, असा एक अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. नाणेघाटात पाय उरले होते, इथे पायच नव्हते. अहवालातली ती छायाचित्रे पाहून झाल्यावर त्याला बराच वेळ जेवण गेले नाही.

इंग्लंडात स्टोनहेंजभोवती मृतांवर रचलेले मातीचे उंचवटे लांबून नजरेत भरतात. विदर्भात जुनापाणीला दगडांची वर्तुळे आहेत, तीही फोटोत छान येतात. घोड नदीच्या काठी तसे उभारलेले काही नाही. या लोकांनी आपली मेलेली माणसे घराबाहेर फारशी नेलीच नाहीत. चूल, कणगी आणि पायाखाली लेकरू, सगळे एकाच छपराखाली. त्याच्या मते हीच इथली सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि ती कॅमेऱ्यात मावत नाही.

हे सगळे त्याने आईला सांगितले. त्याच्या आधीची बहीण आठ महिन्यांची होऊन गेली होती. दात न आलेल्या बाळाला आपल्याकडे जाळत नाहीत, तिला मळ्याच्या बांधावर पुरले होते. त्या बांधावरून आई कधीच चप्पल घालून चालली नाही. तिने सगळे ऐकून घेतले, तोटीच्या भांड्याचे पुन्हा विचारले, मग म्हणाली, "बरं करायची की रं. घरातच ठेवायची. बांधावर रात्रीचं एकटं पडतं पोर."

तेव्हापासून तो जमिनीचे फोटो काढतो. पहाटेच्या तिरक्या उन्हात पांढरीवर एखादी गोल कड, करपट मातीचा डाग, रांजणाचा तुटका काठ दिसतो, तासाभरात मावळतो. खापरी उचलायची नाही, जागच्या जागी टिपायची, हा त्याचा नेम. गावाकडच्या टेकाडाचे निम्मे सपाटीकरण झाले आहे. जेसीबीने एका आठवड्यात काम उरकले आणि आता तिथे कांद्याची बराख उभी आहे. शेतकऱ्याला तो दोष देत नाही, सरळ रान सगळ्यांनाच हवे असते. पण टेकाड कापताना उभी राहिलेली माणूसभर उंचीची कड त्याने सलग तीन सकाळी टिपली. राखेचा थर, सारवलेल्या जमिनीची बोटभर जाड रेघ, त्यावर पुन्हा राख.

जमिनीच्या एका रेघेखाली एक करडा काठ अर्धा बाहेर आलेला होता. मोजमाप कळावे म्हणून फोटोत काहीतरी ठेवावे लागते. त्याने आईच्या डब्यातून आणलेली लाल ठिकरी खिशातून काढली, काठाशेजारी टेकवली, फोटो घेतला. मग ठिकरी परत खिशात घातली नाही, तिथेच मातीत दाबली आणि पायातल्या चपला हातात घेऊन टेकाड उतरला.