दाढेत साठलेलं बालपण

वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्यात पोराचा पहिला दात पडला, की तो घराच्या कवेलूवर फेकायची रीत. कवेलू गेले तिथे टिनावर. नवा दात भक्कम यावा, एवढीच त्यामागची माया. पण भिरकावलेल्या त्या दातात पोराच्या जन्माच्याही आधीची नोंद असते.

दुधाचे दात आईच्या पोटातच, चौथ्या महिन्याच्या सुमारास टणक होऊ लागतात. वरचं कवच, म्हणजे इनॅमल, रोज थोडं थोडं चढतं आणि त्याची बारीक रेघ उरते. जन्माच्या वेळची रेघ तर सूक्ष्मदर्शकाखाली ठळक दिसते. मोडलेलं हाड सांधतं. इनॅमल मात्र पुन्हा बनत नाही. म्हणून तान्हेपणीचं आजारपण, उपासमार यांचे व्रण तिथे कायम राहतात.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८पासून उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकरी आपली दगावलेली लेकरं घराच्या जमिनीखालीच पुरत. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत बाळ. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी या लेकरांचे दात तपासले, तेव्हा कित्येकांच्या दुधाच्या सुळ्यांवर इनॅमलचे खळगे सापडले. ज्यांना बोलताही येत नव्हतं, त्यांच्या हालांची एवढीच साक्ष उरली आहे.

बैलाचं वय दातांवरून ताडणं वाशीमच्या शेतकऱ्याला नवं नाही: अदात, दोनदाती, चारदाती, सहादाती, मग जुळलेला. माणसाच्या बाबतीत संशोधक दाढ पाहतात. दाढ जितकी उशिरा, बालपण तितकं लांब. चिंपांझीला पहिली कायमची दाढ तीन-चार वर्षांत येते, आपल्याला सहाव्या वर्षी. १९८४मध्ये केनियात तुर्काना सरोवराजवळ सापडलेला मुलगा पंधरा लाख वर्षांपूर्वीचा. उंचीवरून तो बारा-तेराचा वाटतो, दात म्हणतात आठ-नऊचा. म्हणजे त्याचं अंग आपल्यापेक्षा भरभर वाढत होतं; लांबलेलं बालपण माणसाच्या वाट्याला बरंच उशिरा आलं.

अक्कलदाढेला आता अनेकांच्या जबड्यात जागा पुरत नाही. शिजलेल्या मऊ अन्नानं जबडा आखूड झाला. ती यायच्या वयातच विदर्भातली पोरं गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरतात आणि सुपारीनं काहींचं तोंडच उघडेनासं होतं. चीड यावी अशीच ही गोष्ट.

दात गेले, की म्हातारपणी भाकर वरणात कुस्करून मिळते. जॉर्जियातल्या दमानिसीच्या सुमारे अठरा लाख वर्षांपूर्वीच्या एका कवटीत एकच दात उरला होता, बाकीच्या दातांचे खळगे हाडानं भरून आले होते. दात गेल्यावरही तो माणूस काही वर्षं जगला; सोबतच्यांनी त्याला सांभाळलं असावं, असं काही संशोधक मानतात.