छायाचित्राच्या कडेला

खडू, डस्टर आणि गुंडाळी नकाशे एवढ्या साहित्यावर आम्ही इतिहासाच्या अध्यापनाची पंचवीस वर्षे काढली. २०२० साली टाळेबंदीत वसतिगृह रिकामे झाले, मुले गावोगावी पांगली आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्यास मोबाइलचा पडदा तेवढा उरला. त्या दिवसांत एका माजी विद्यार्थ्याने आम्हांस फोनवरूनच ‘कॅनव्हा’ शिकविले. चौकोन निवडावा, छायाचित्र ठेवावे, त्यावर अक्षरे लिहावीत आणि पाठवून द्यावे. पन्नाशीतल्या आम्हांस ते चार दिवसांत जमले.

अडचण आली ती अक्षरांची. आमच्या जुन्या टिपणांचा मजकूर ‘श्रीलिपी’त टंकलेला. तो उचलून येथे चिकटविला की निरर्थक चिन्हांचा ढीग दिसे. सारे युनिकोडमध्ये पुन्हा टंकावे लागले. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडविलेला ‘मुक्ता’ हा टंक पुढे आमच्या आवडीचा झाला. (नाव वाचताच मुक्ता साळवे आठवतात. फुल्यांच्या शाळेतील या विद्यार्थिनीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला होता.)

पुढे शाळा पुन्हा भरली, तरी हा नाद सुटला नाही. एका वर्षी २० मार्चच्या आदल्या रात्री आम्ही चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे चित्र तयार केले. निळा कोट, हाती संविधान अशी बाबासाहेबांची प्रतिमा, मागे पाणी, खाली ‘महाड, १९२७’. समूहावर ‘जय भीम’चा वर्षाव झाला. सकाळी सूचनाफलकासमोर आठवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, १९२७ साली संविधान होतं का?” संविधान सभेने ते २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले, हे तिला आम्हीच शिकविलेले! फलकावरचे चित्र लगेच उतरविले. मोबाइलवरचे मात्र तोवर कोठल्या कोठे गेले होते. पुढच्या मार्चमध्ये तेच आमच्याकडे परत आले, खाली भलत्याच मंडळाचे नाव घेऊन.

तेव्हापासून प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात छायाचित्राचे वर्ष लिहितो आणि बाबासाहेबांचे वचन घेतल्यास शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या लेखन-भाषणांच्या मालिकेतील खंड व पृष्ठही देतो. पृष्ठ सापडले नाही, तर वचन वापरत नाही. मुले कुरकुरतात, कारण त्यांना आवडलेली पुष्कळशी वाक्ये याच चाळणीत अडकतात.

तरीही मोठी चूक घडायची होतीच. या स्मरणिकेच्या निवेदनासाठी आम्ही विद्यालयाच्या पहिल्या तुकडीचे कृष्णधवल छायाचित्र घेतले. ते आडवे, आणि साधनाची चौकट १०८० बाय १०८० ची, चौरस. दोन्ही कडा कापल्या. भन्तेजी, मुख्याध्यापक, पाहुणे मधोमध छान बसले. रात्री त्या तुकडीतल्या एकाचा फोन आला. “सर, मावशी कुठं गेल्या?”

मूळ प्रत पुन्हा पाहिली. उजव्या टोकाला, खांबाच्या अर्ध्या आडोशाला, पदर सावरीत स्वयंपाकाच्या मावशी उभ्या होत्या. घरच्या आठवणीने पहिल्या रात्री न जेवलेल्या त्या मुलाला त्यांनी चुलीपाशी बसवून भाकरी चारली होती. त्यांचे दुसरे छायाचित्र कोणाजवळही नाही. त्या काळी छायाचित्रकार मानाची माणसे मध्ये बसवी आणि उरलेली कडेला उभी करी. कोणाला इतिहासात घेतले आणि कोणाला वगळले, हे वर्गात तावातावाने सांगणाऱ्या आम्ही आमच्याच बोटाने ती कड कापली होती, आणि ते आमच्या ध्यानातही आले नव्हते.

नवे चित्र करताना छायाचित्र अखंड ठेवले, वर-खाली कोरे पट्टे सोडले आणि मजकूर त्या पट्ट्यांत बसविला. पाच मिनिटांचे काम होते.

ज्यांच्याकडे विद्यालयाची जुनी छायाचित्रे असतील त्यांनी ती कडांसह स्कॅन करावीत. व्हॉट्सअॅपवर साधे चित्र म्हणून पाठविल्यास तपशील पुसट होतो, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावीत. रंग भरणाऱ्या नव्या साधनांच्या हाती ती देऊ नयेत; साडीचा खरा रंग त्या यंत्राला ठाऊक नसतो. डावीकडून उजवीकडे सर्वांची नावेही लिहावीत.

मावशींचे पूर्ण नाव अद्याप आम्हांस मिळालेले नाही. ज्यांना ठाऊक असेल त्यांनी विद्यालयाच्या पत्त्यावर अवश्य कळवावे.